सोडतीचं मशीन

“ज्याचा नंबर लागणार नाही, त्याचे पैसे कुठे जाणार?” मौलानांनी विचारलं.

“पोरीच्या ऑपरेशनला.”

“आणि ज्याचा लागेल त्याला?”

“मशीन मिळणार. मी बनवलेलं.”

मौलानांनी हातातलं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. गुलाबी कागद, त्यावर शिक्क्यानं उठवलेला आकडा, खाली ‘नेक कामासाठी मदत’. मशिदीच्या पायरीवर उस्ताद त्यांच्यासमोर बसले होते, उत्तर ठाऊक असूनही मास्तरांनी ते सांगू नये असं वाटणाऱ्या विद्यार्थ्यासारखे.

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

“मनात खटकलं, म्हणून तर आलो.”

उस्ताद चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करत होते. मशीन उघडायच्या आधी ते ऐकायचे. डोळे मिटून चाक फिरवायचे आणि म्हणायचे, “खालचे दाते घासतायत.” मगच पेचकस हातात घ्यायचे. गिऱ्हाइकांना हे सगळं नाटक वाटायचं, पण मशीन दुसरीकडे न्यायची कुणाची छाती नव्हती. असा हा कानाचा माणूस, आणि त्यांच्याच घरात वाढणाऱ्या पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती त्यांच्या पुतणीची मुलगी. पुतणी नवरा गेल्यावर पोरीला घेऊन चाचाच्या घरी आली होती आणि लोकांचे कपडे शिवत होती.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “कानात यंत्र बसवता येईल. पण चार वर्षांची व्हायच्या आत. उशीर झाला तर आवाज पोचेल, त्याचे शब्द होणार नाहीत.” पोर तेव्हा साडेतीन वर्षांची होती. खर्च उस्तादांच्या आवाक्याबाहेरचा होता.

उस्तादांकडे एकच मोलाची वस्तू होती. मेलेल्या अकरा मशीनांचे सुटे भाग निवडून, घासून त्यांनी एक मशीन जुळवलं होतं. त्यात जीव ओतला होता. ते इतकं बिनआवाज चालायचं की चालतंय की नाही तेच कळायचं नाही. पण विकायला काढलं तर दुकानदार विचारायचे, “कंपनी कुठली?” आणि भंगाराच्या भावानं मागायचे. शेवटी शेजारच्या कापडवाल्यानं युक्ती काढली. सोडत ठेवायची. तिकीट स्वस्त, बक्षीस मशीन, पैसे पोरीला. तिकिटं हातोहात खपली. महिन्याभरात निम्म्याहून जास्त रक्कम उभी राहिली.

मग काजबटणं करणारी बाई आली. तिनं एकदम सहा तिकिटं घेतली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “अल्लाह हिचं भलं करो. पण उस्ताद, मशीन मलाच लागू दे हं!” सगळे हसले. उस्तादही हसले. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना.

“नियत तुमची साफ आहे, उस्ताद,” मौलाना हळूच म्हणाले. “पण शंभर जणांनी पैसे लावायचे आणि एकानं घेऊन जायचं, याला जुगारच म्हणतात. काम कितीही नेक असलं तरी त्यानं तो हलाल होत नाही. ज्याचे त्याला परत करा. मग ज्याला नुसतं द्यायचंय, तो देईल.”

“दिवस थोडे राहिलेत, मौलाना.”

“माहीत आहे मला.” मौलानांनी तिकीट त्यांच्या हातात परत ठेवलं. “तुम्ही विचारलंत. खोटं कसं सांगू?”

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

“अहो, पण विचारायला गेलातच कशाला? कुणी काही म्हटलं होतं का?”

“माझं मनच म्हणत होतं.”

“तुमच्या मनाचं बघितलंत. पोरीचं कुणी बघायचं?”

पुतणी दोरा तोडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “चाचा, सगळेच परत घेतील का?”

“छे गं! बरेच जण म्हणतील, राहू दे.”

उस्तादांचा मशीनांचा अंदाज कधी चुकायचा नाही. माणसांचा चुकला. लोक वाईट नव्हते. पण हातात परत आलेला पैसा पुन्हा द्यायला मन मोठं लागतं, आणि घरोघरी अडचणी होत्याच. कापडवाल्यानं नजर चुकवत सगळे परत घेतले. काजबटणवाली रडली, तिनं दोन तिकिटांचे ठेवून घ्यायला लावले आणि चारांचे पदराला बांधले. पुढच्या आठवड्यात मौलाना पायी येताना दिसले. स्कूटर विकून आलेल्या पैशांचं पाकीट त्यांनी उस्तादांच्या दुकानात ठेवलं होतं, नाव न सांगता. पण ती स्कूटर गेली चार वर्षं उस्तादच ढकलून चालू करून देत होते.

निखळ मदतीचा पैसा जमायला सव्वा वर्ष लागलं. डॉक्टरांनी पोरीला पुन्हा तपासलं आणि मान हलवली. आता बसवून फारसं हाती लागणार नव्हतं.

बाहेर बाकावर एक बाई वर्षाच्या बाळाला घेऊन बसली होती. तेच दुखणं, आणि पदरी काही नाही. बाळ तिच्या ओढणीचं टोक चघळत होतं. पुतणी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं उस्तादांच्या हातातली पैशांची पिशवी घेतली आणि त्या बाईच्या मांडीवर ठेवली.

देणाऱ्यांना ते मागाहून सांगणार होते, आणि सांगितलंही. पण तिथं, त्या वेळी, उस्ताद कुणालाही विचारायला गेले नाहीत. परतीच्या वाटेवर पुतणी एवढंच म्हणाली, “त्याला तरी ऐकू येईल.” उस्तादांना वाटलं, हिनं आपल्याला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आपले हात स्वच्छ राहिले आणि त्याची किंमत पोरीनं मोजली, हे त्यांच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही. आपण चुकलो असंही त्यांना म्हणता येईना.

मशीन पुतणीकडेच राहिलं. पोर त्याच्या पायाशी खेळत मोठी झाली.

ती सात वर्षांची असताना उस्ताद एका सकाळी त्या मशीनला तेल द्यायला बसले. डोळे मिटून त्यांनी चाक फिरवलं, दोनदा, तीनदा.

“ठणठणीत आहे,” ते पुतणीला म्हणाले.

पोर शेजारी उभी होती. चाक फिरत असताना तिनं मशीनवर तळहात टेकवला होता. तिनं जोरात मान हलवली. नाही. तिनं उस्तादांचं बोट धरून डाव्या बाजूला, बॉबिनच्या वर नेऊन ठेवलं. इथे.

उस्तादांनी पुन्हा चाक फिरवलं. त्यांना काहीच जाणवलं नाही. तरी त्यांनी पेचकस घेतला आणि वरची पट्टी काढली. आत, बॉबिनच्या घराला चिकटून, मोडक्या सुईचं टोक होतं. मोहरीएवढं.

त्यांनी ते चिमट्यानं काढलं, पट्टी बसवली, चाक फिरवलं. पोरीनं पुन्हा हात ठेवला आणि या वेळी हसून मान डोलावली.

“मला नाही गं आलं ऐकू,” उस्ताद म्हणाले. तिच्याकडे तोंड करून, सावकाश, जणू तिला ते कळणार होतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

पोरीनं त्यांचा सुरकुतलेला हात उचलला, मशीनवर पालथा ठेवला आणि तो निसटू नये म्हणून वर आपला हात दाबून धरला. मग दुसऱ्या हातानं ती चाक फिरवू लागली.