सहावी पाकळी

"सरकारी फुलाला पाकळी कमी कशी चालेल, यादवराव?" देवराम कारकुनानं चित्र खिडकीच्या उजेडात धरत विचारलं.

यादव पेंटर कचेरीच्या बाकावर ब्रश पुसत राहिला. टेबलावर तांब्यात ताम्हणाची फांदी ठेवलेली होती, जांभळ्या फुलांनी लगडलेली. चित्रातही तीच फांदी, तोच जांभळा. फक्त मधल्या फुलाला पाचच पाकळ्या होत्या आणि सहावीच्या जागी कोरा कागद दिसत होता.

देवराम माणूस वाईट नव्हता, पण वरून तगादा होता. राज्याला स्वतःचं फूल हवं, पक्षी हवा, प्राणी हवा, असं मुंबईत कुणाच्या तरी मनात आलं होतं आणि ठिकठिकाणहून नावं मागवली होती, सोबत चित्र. कमळ देशानं आधीच घेतलेलं, गुलाब सगळ्या जगाचा, मग आपल्याला उरलं काय, यावर कचेरीत आठवडाभर नुसता चहा झाला. शेवटी देवरामलाच आठवलं, की द्वारका चौकाजवळ ट्रकवर अक्षरं रंगवणाऱ्या यादवच्या अंगणात ताम्हण आहे.

ते ताम्हण त्याच्या बायकोचं, सिंधुबाईचं. नवी नवरी असताना तिनं पेठकडच्या माहेराहून रोप आणलं होतं, एसटीत मांडीवर धरून. सिंधुबाईला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

गेली, असं लोक म्हणत. यादव म्हणत नसे. ट्रकांखेरीज त्याचं दुसरं काम म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून रंगवणं, आणि त्याच्या उस्तादांनी त्याला एक नियम घालून दिला होता. मेलेल्याचं चित्र पुरं करायचं, म्हणजे जीव घरात घुटमळत नाही. जिवंताचं मात्र, माणूस असो की झाड, कुठंतरी बोटभर कोरं सोडायचं, नाहीतर तो चित्रात निघून जातो. हा नियम यादवनं जन्मभर पाळला आणि सिंधूच्या वेळी मुद्दाम मोडला. तिच्या चित्रात डाव्या कानातलं सोन्याचं फूल त्यानं भरलंच नाही. तिनं जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

आणि ती राहिली. पहाटे मोरीत बांगड्या वाजत. बादली उचलल्याचा आवाज येई. उजाडल्यावर बघावं तर ताम्हणाच्या बुंध्याशी माती ओली. पहिल्यांदा त्याची बोबडी वळली होती. मग सवय झाली, आणि सवयीची माया झाली. तो अंथरुणात डोळे मिटून ऐकत पडे आणि मनात म्हणे, राहू दे बाई, राहू दे.

"हे असं पाठवलं तर मुंबईवाले केरात टाकतील," देवराम म्हणाला. "भरलंत तर कोण जाणे, वहिनींचं झाड उद्या अख्ख्या राज्याचं होईल."

या शेवटच्या वाक्यानं यादवचा घात केला. सिंधूचं झाड राज्याचं होणार, या विचारानं त्याची छाती भरून आली, आणि उस्ताद आठवत असतानाच त्यानं ब्रश ओला केला. सहावी पाकळी भरायला कितीसा वेळ लागणार? चित्र पुरं झालं तेव्हा तांब्यातल्या फांदीनं मान टाकली होती. उकाडा फार आहे, असं म्हणत देवरामनं पंखा वाढवला.

यादव घरी आला तो अंगणाच्या तोंडाशीच थबकला. वारा नव्हता, पाऊस नव्हता, आणि सगळी फुलं खाली पडली होती. झाडावर एकही नाही. बुंध्यावर हात ठेवला तर ऐन वैशाखात तो गार लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बांगड्या वाजल्या. बादली उचलली गेली. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. यादव उठून मोरीत गेला. भरलेली बादली दारात तशीच ठेवलेली होती. आत वळला तर सिंधूच्या चित्रापुढं त्याचा बारीक ब्रश पडला होता, सोनेरी रंगात बुडवलेला, ओला.

यादव चित्रासमोर खाली बसला. मग त्याला कळलं. ती त्याच्या ओढीनं राहिली नव्हती, त्या कोऱ्या कानात अडकून पडली होती. झाड होतं तोवर तिला निदान एक काम होतं.

"नको ना जाऊ," तो चित्राला म्हणाला. "मी एकटा काय करू गं?"

चित्रातल्या तिनं नेहमीसारखंच त्याच्याकडं पाहिलं. त्याच्याच हातानं रंगवलेले ते डोळे त्याला आज थकलेले दिसले. त्यानं ब्रश उचलला. दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं आणि कानातलं फूल भरलं. बाहेर दारातली बादली एकदा हलली, थोडं पाणी सांडलं, आणि घर अगदी रिकामं झालं.

पुढं कधीतरी ताम्हण हेच राज्याचं फूल ठरलं. कुणाच्या चित्रामुळं, कुणाच्या शब्दामुळं, देवरामलाही ठाऊक नव्हतं. तरी तो हौसेनं पेढे घेऊन सकाळीच द्वारकेला आला. यादव अंगणात होता. पानं नसलेल्या, करड्या पडलेल्या खोडाशी तो वाकून बादलीतलं पाणी सोडत होता, माती उकरली जाऊ नये म्हणून हळूहळू.

"यादवराव, हे तर केव्हाच वाळलंय."

"हाय ना," यादव म्हणाला. "पण तिचं काम आता माझ्याकडं आलंय."

त्यानं पेढा घेतला, खोडाच्या बुंध्याशी ठेवला आणि उरलेलं पाणी घातलं.