काळ्या कापडाखालचे डूल

देओलिंदाने डाव्या कानातला डूल काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर शिवलेल्या काळ्या कापडात कात्रीचं टोक घुसवलं.

"अगं वहिनी, हे काय मांडलंयस! चारच वर्षं झालीत त्याला जाऊन!" नणंद झुल्मिरा दारातूनच ओरडली.

"चार पुरेत. तुमच्या भावालाही पुरे झाली असतील."

पोर्तुगालमधल्या लिमा नदीकाठच्या त्या गावात कानात सोनं नसलेली बाई सापडायची नाही. नवरा गेला तरी बाई सोनं उतरवत नसे. त्यावर काळं कापड शिवून घेई, ते मरेपर्यंत. देओलिंदाचे लांब डूल तिच्या पणजीच्या आईचे. दीडशे वर्षांपूर्वी त्या बाईने अकरा हिवाळे जवसाचं सूत कातून मिळालेल्या पैशांतून ते घडवून घेतले होते. उद्या जत्रेची मिरवणूक होती आणि देओलिंदाला ते उघडे घालून चालायचं होतं. एवढीच तिची इच्छा, आणि तेवढ्यावरून घर डोक्यावर घेतलं जाणार हे तिला पुरतं ठाऊक होतं.

झुल्मिरा आत येऊन समोर उभी राहिली.

"सोडवतेच आहेस तर आमच्या बेनेदिताला दे. सतरा वर्षांची नात माझी, तिला शोभतील."

"तिला साखळ्या ने. तुमच्याच आईच्या आहेत, सगळ्या ने. डूल माझ्या माहेरचे. आणि माझे कान अजून जागेवर आहेत, वन्सं."

"लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. पाद्रीबाबांनी हाकललं तरी मी नदीपर्यंत चालणार."

बोलताना तिची कात्री थांबली नाही. दुसराही डूल मोकळा झाला. दोन्ही कानांत घालून तिने मान हलवली, तेव्हा बारीक किणकिण झाली.

"अगंबाई, हे वाजतात! विसरूनच गेले होते मी."

 झुल्मिराचा नवरा कॉड मासे पकडणाऱ्या बोटीवरून परतला नाही, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. आज सहासष्टची. तिचा हात रुमालाखाली स्वतःच्या कानातल्या, काळ्या कापडात शिवलेल्या डुलाकडे गेला.

"काळे नाही पडले?"

"सोनं आहे ते, वन्सं."

झुल्मिराने खुर्ची खिडकीशी ओढली, रुमाल सोडला आणि मान तिरपी केली.

"बघत काय बसलीस? मिरवणूक उद्या नऊला निघते."