आईच्या गुडघ्यांमधला चेंडू

मी एक जुना रबरी चेंडू आहे. एके काळी माझा रंग निळा होता, आता कोणता आहे ते मलाही सांगता येणार नाही. कारखान्यातल्या साच्यातून निघालो, दुकानाच्या दारात जाळीत लोंबकळलो आणि एका लहान मुलीच्या हट्टापायी तिच्या घरी आलो. तिला सगळे भिंगरी म्हणत. तेव्हा माझा थाट काय सांगू! ती मला उशाशी घेऊन झोपायची.

मग घरात बाळ आलं. बाळ धडधाकट होतं, पण आईच्या ओटीपोटात आणि माकडहाडाशी दुखू लागलं. बसताना दुखे, उठताना दुखे. बाळ रांगू लागलं तरी दुखणं हलेना. ती कुणाला काही सांगत नसे. भिंगरी हात वर करून समोर उभी राही आणि आई म्हणे, "आत्ता नको गं, नंतर उचलते."

एकदा आत्या आली. आईची अवस्था तिनं ओळखली. तिनं मोबाइलवर कुठलासा व्यायाम पाहिला होता.

"वहिनी, हा चेंडू गुडघ्यांत धर आणि आतून आवळ. जितकं आवळशील तितकं लवकर बरं वाटेल."

भिंगरी रुसून बसली, पण माझी बदली झालीच.

आई मला जीव खाऊन आवळू लागली. हळूहळू मी नसतानाही ती पोट, दात, खांदे सगळं आवळून घरभर हिंडायची. दुखणं वाढतच गेलं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मित्रांनो, रोज दाबलं गेलं की चेंडूतली हवा जाते आणि तिच्याबरोबर वाटणंही जातं. आईचंही तसंच झालं होतं. हसायच्या जागी ती हसायची, एवढंच.

शेवटी आत्याच घाबरली आणि तिला फिजिओथेरपीच्या बाईंकडे घेऊन गेली. पिशवीतून मीही गेलो. बाईंनी आईला तपासलं आणि मला बाजूला ठेवलं.

"अहो, तुमचे स्नायू आधीच गच्च झालेत. आवळणं बंद करा. आधी सैल सोडायला शिकायचं."

"मला ते येतच नाही," आई म्हणाली. "आणि बाळंतपणानंतर एवढं दुखायचंच ना?"

"पुष्कळजणींचं दुखतं. म्हणून सोसत बसायचं नसतं. उताण्या पडा. श्वास घेताना पोट वर येऊ द्या, खाली सगळं सैल. रडू आलं तरी चालेल."

आई रडली नाही. छताकडे बघत पडून राहिली.

घरी आल्यावर मी पलंगाखाली गेलो. आई रोज सतरंजीवर पडून श्वास घ्यायची, गुडघे पोटाशी घेऊन हलकेच झुलायची. पुढे बाईंनी ताकदीचे व्यायामही दिले. एखाद्या दिवशी बरं वाटे, एखाद्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पण एका सकाळी ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि न कण्हता उठली. तिनं हात पसरले.

"भिंगरी, ये. उचलते तुला."

भिंगरी जागची हलली नाही. "नको," ती म्हणाली. "तुला दुखेल."

मला वाटलं होतं, आता आपल्या मनाला काही लागत नाही. ते लागलं.

आई खाली बसली आणि तिनंच भिंगरीला जवळ ओढलं. भिंगरी अंग चोरून उभी राहिली, आईवर भार पडू नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मुकाट्यानं सोसत असेल, तर तिला सोसू देऊ नका. वेळेवर दाखवायला लावा. इथे आईचं दुखणं बरंचसं गेलं आहे. भिंगरीनं सगळा भार आपल्यावर टाकावा, म्हणून आई अजून वाट बघते आहे.