गुच्छ कोणी झेलायचा

बारा जुलैला, दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या असल्या उकाड्यात लग्न करणारी बोमी एकटीच असेल, असं पाहुणे रुमालाने मान पुसत कुजबुजत होते. उंजूलाही तेच वाटत होतं. पण ती तापली होती वेगळ्याच कारणाने. इकडे नवरीचा गुच्छ झेलणारी एकच मैत्रीण आधी ठरवतात, बहुधा पुढचं लग्न जिचं असेल ती. आणि बोमीचा गुच्छ मारित झेलणार होती.

कोण ही मारित? एस्टोनियाहून आलेली, बोमीच्या ऑफिसात जेमतेम तीन वर्षं झालेली. उंजू आणि बोमी सहावीपासूनच्या मैत्रिणी. "माझा गुच्छ तूच झेलायचास," असं बोमीने शाळेच्या गच्चीवर शपथ घेऊन सांगितलं होतं. आणि आठवड्यापूर्वी फोन करून म्हणाली, "गुच्छ मारित झेलेल. तू माझी आहेराच्या पाकिटांची बॅग सांभाळ हं, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." भरवसा! बॅग सांभाळणारी काय फोटोत येते?

बोमीच्या मावशीने तर मारितला डोक्यावरच घेतलं होतं. "बघा तरी, किती शोभतो हिला आपला हानबोकचा पोशाख! आणि पोरगी आपली तिखट किमचीसुद्धा खाते म्हणे." उंजू तीस वर्षं किमची खात होती, तिचं कुणी कधी कौतुक केलं नव्हतं.

मग मावशी तिच्याकडे वळली. "अगं उंजू, तुझं याच हॉलमध्ये आहे ना? कधी गं?"

"एकोणीस ऑक्टोबर," उंजू हसून म्हणाली.

"मग गुच्छ तुझ्याकडेच यायला हवा होता की!"

ते लग्न मार्चमध्येच मोडलं होतं. आईबाबांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं; बोमीलाही तिने सांगितलं नव्हतं. आज गुच्छ हातात आला असता, तर झाकली मूठ आणखी काही दिवस तरी झाकलेली राहिली असती.

"गुच्छवाली मैत्रीण, पुढे या!" फोटोग्राफर ओरडला. बोमीने पाठमोरं होऊन गुच्छ फेकला. तो मारितच्या कोपराला लागून खाली पडला. उंजूला मनातून गुदगुल्या झाल्या. पण फोटोग्राफर म्हणाला, "काही हरकत नाही, पुन्हा एकदा!" दुसऱ्या खेपेला मारितने तो बरोबर झेलला, सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला आणि बॅग छातीशी धरून मागे उभ्या असलेल्या उंजूच्या अंगाचा तिळपापड झाला.

सासूसासऱ्यांना नमस्कार करायच्या आधी बोमी कपडे बदलायला आत आली, तेव्हा उंजूने दार लावलं आणि बॅग धपकन खाली ठेवली.

"सरळ सांग, ती तुला माझ्याहून जवळची झाली का?"

"नाही."

"मग? तीन महिन्यांवर लग्न आलंय माझं, आणि गुच्छ तिला?"

बोमी केसांतल्या पिना काढत राहिली. "गुच्छ झेलून सहा महिन्यांत लग्न झालं नाही की लोक काय काय बोलतात, माहीत आहे ना तुला? मारितला कोण बोलणार? ती परकी."

"अगं, पण माझं तर..."

"मार्चमध्ये हॉलवाल्यांचा फोन आला होता मला," बोमी आरशात बघतच म्हणाली. "शरदातल्या तारखेसाठी मी नाव लावून ठेवलं होतं. म्हणाले, एकच तारीख मोकळी झालीय. एकोणीस ऑक्टोबर, दुपारी एक."

उंजू खुर्ची ओढून बसली. तिने विचारलं, "मग घेतली का नाहीस?"

"तुझी होती ती. जुलै मिळाला, जुलै घेतला."

दारावर टकटक झाली. मारित होती, आणि तिच्यामागे मावशी.

"उंजूताई, हा गुच्छ वाळवून शंभराव्या दिवशी जाळायचा ना? म्हणजे बोमीचा संसार सुखाचा होतो म्हणे. मला वाळवता येत नाही."

उंजूने गुच्छ तिच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. "सावलीत उलटा टांगायचा असतो. राहू दे, माझ्याकडेच राहील."

मारित फोनमध्ये दिवस मोजत होती. "शंभरावा दिवस एकोणीस ऑक्टोबरला येतो."

"अगंबाई!" मावशी म्हणाली. "त्या दिवशी तर उंजूचं लग्न. तिला कुठली सवड?"

"नाही मावशी," उंजू म्हणाली. "त्या दिवशी मी मोकळीच आहे."