मी बिनक्लचची गाडी

मी बिनक्लचची मोटारसायकल बोलतेय. माझे गिअर पायानं बदलतात, पण डाव्या मुठीवर दाबायला क्लच नाही. जालन्याच्या दुकानात पोरं मला बघून हसायची, "ही काय गाडी हाय?" म्हणायची. १९९८ साली मच्छिंद्र मात्र खास माझ्यासाठीच आला.

वाटूर फाट्यावरून आत गेलं की कच्च्या रस्त्यावर त्याचं गाव. मळणीयंत्रात त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली होती. क्लच दाबता येईना म्हणून जुनी मोटारसायकल विकली आणि गडी घराबाहेर पडेनासाच झाला. त्याची बायको साळूबाई. तिनं माझ्याबद्दल कुठूनतरी ऐकलं आणि नवऱ्याला जवळजवळ ओढतच जालन्याला आणलं.

पळायला मी गुणी, पण हळू चालवायला अवघड. उजवी, वेगाची मूठ सोडली की माझं इंजिन चाकापासून सुटतं, पिळली की एकदम धरतं आणि हिसका बसतो. पहिल्याच दिवशी मच्छिंद्र मला घेऊन कडब्याच्या गंजीत घुसला. साळूबाई पोट धरून हसली. मग त्यालाही हसू आलं, कितीतरी महिन्यांनी.

फाट्यावर गाड्या दुरुस्त करणाऱ्या कडूबा मिस्त्रीनं त्याला युक्ती सांगितली. "मूठ जराशी पिळलेलीच राहू द्या. वेग आवरायचा उजव्या पायानं. मागचा ब्रेक नुसता टेकवायचा, दाबायचा न्हाई."

मच्छिंद्र रोज खळ्यावर सराव करू लागला. पुढं दाणे टिपत कोंबड्या, मागं आम्ही. एकही कोंबडी बिचकणार नाही इतकं हळू चालवायला तो शिकला.

पुढच्या वर्षी त्याच्या आईच्या, गोजरबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन परतूरला झालं. दुसरा डोळा आधीच गेलेला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "टाके ताजे आहेत. गचका बसता कामा नये."

एसटीनं त्यांना फाट्यापर्यंत आणलं. पुढं काळ्या मातीचा रस्ता, चाकांच्या खोल चऱ्या वाळून दगड झालेल्या. बैलगाडी आणि ट्रॅक्टर दोन्ही हादरे देणारे. म्हातारी चार पावलं चालली आणि मटकन खाली बसली. परतूरला जाताना मच्छिंद्रनं मला कडूबाच्या दुकानापुढं ठेवलं होतं, तिथंच मी उभी होते.

"माय, माझ्या मागं बस."

"अन् गचका बसला मंग?" साळूबाईनं विचारलं.

"न्हाई बसू देणार." त्यानं मला चालू केलं आणि आईला मागं बसवलं.

साळूबाई सासूच्या पाठीला हात लावून शेजारून चालत होती. दोन चऱ्यांमधल्या वीतभर रुंद उंचवट्यावरून आम्ही निघालो. ओढ्याचा उतार आला. तिथं मूठ पुरती सोडली असती तर मी मोकळी सुटून घरंगळले असते, जादा पिळली असती तर उसळले असते. मच्छिंद्रनं मूठ तसूभर हलवली नाही. नुसता पाय टेकवत, उचलत, टेकवत त्यानं मला खाली उतरवलं. इतक्या मायेनं मला कुणी कधी चालवलं नव्हतं.

मागून आलेली शेरडं आम्हाला ओलांडून पुढं गेली.

"मच्छिंद्र," पट्टीआडून गोजरबाईंनी विचारलं, "गाडी चालू हाय का उभी?"

"चालू हाय, माय."

"मंग अशीच राहू दे."

पुढं पट्टी निघाली आणि गोजरबाईंना दिसायला लागलं. मच्छिंद्र त्यांना कपाशी दाखवायला न्यायला निघाला, तर त्या म्हणाल्या, "तू ये गाडीवर. मला दिसून राह्यलं आता, मी पायी जाते." लुगडं वर खोचून त्या बांधाच्या वाटेनं निघाल्यासुद्धा. वाटेत थांबून बोंडं हातात घेऊन बघायच्या, मग पुन्हा चालायच्या. आम्ही दोघं त्यांच्या मागं, त्यांच्याच पावलानं. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

आता त्या नाहीत. मीही गोठ्यात उभी आहे, इंजिन थकलंय, कधी भंगारात जाईन सांगता येत नाही. त्याचं दुःख नाही. तुम्ही नवी गाडी घ्याल, पळवाल, जरूर पळवा. पण कधीतरी आपल्या माणसाच्या पावलानं ती चालवून बघा.