कॅपवाल्या डॉक्टरांचा दात

माणसाचा दात ही निसर्गाची ठेव आहे आणि ती राखणं हा दंतवैद्याचा धर्म आहे. थोरले डॉक्टर हे वाक्य प्रत्येक पेशंटला ऐकवत आणि मग दात चहूबाजूंनी तासून, त्याचा खुंट करून, वर कॅप बसवत. लोक त्यांना ‘कॅपवाले’ म्हणत, प्रेमाने.

मुलगीही दातांचीच डॉक्टर झाली. तिने दात तासायच्या यंत्रासाठी नवा संच मागवला. हिऱ्याची बारीक टोकं, प्रत्येकाला मर्यादेचं कडं. दाताची नखाएवढी जाडी खरवडली की कडं अडतं, टोक पुढे जातच नाही. तेवढ्या जागेवर सिरॅमिकचं पातळ टरफल चिकटवायचं, झालं.

“खेळणी आहेत ही,” असं म्हणत डॉक्टरांनी पार्सलची चिकटपट्टी दातांनी फाडली. पुढच्या दाताचा टवका उडाला.

मुलीने संधी सोडली नाही. “बसा. जमलं तर हा संच राहणार आणि इथे दुसरी खुर्ची येणार, माझी. नाही जमलं तर जन्मभर तुमच्यासारख्या कॅपा बसवीन.”

“बसतो. पण जरा कमी घास हं.”

“हे तुमचे पेशंटही म्हणायचे, बाबा.”

भूलसुद्धा द्यावी लागली नाही. आठवड्याने लॅबमधून टरफल आलं. रंग जुळतो का बघायला तिने ते दातावर नुसतं टेकवलं. “अजून चिकटवलेलं नाही. तोंड उघडंच ठेवा,” असं बजावून ती आरसा आणायला वळली. पण दातावर काहीही बसवलं की ‘चावून बघा’ म्हणायची डॉक्टरांची उभ्या आयुष्याची सवय. ते मनातल्या मनात म्हणाले आणि आज्ञाधारकपणे चावले.

कट्.

“तुटलं तुझं खेळणं,” ते समाधानाने म्हणाले.

“चावलं कोणी? आता दुसरं येईपर्यंत थांबा. चूळ भरा.”

तासलेल्या दातावर गार पाणी पडलं की त्यांचे पेशंट खुर्चीतून उडत. डॉक्टरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि घोट घेतला. कळ आली नाही. आणखी एक घोट. मग अख्खा ग्लास.

“कोमट केलंयस का गं?”

“फ्रिजमधलं आहे.”

डॉक्टरांनी रिकामा ग्लास गालाला लावून बघितला. “तुझी खुर्ची खिडकीपाशी टाक,” ते म्हणाले. “उजेड बरा असतो तिथे.”

दुसरं टरफल चिकटलं ते पक्कं. डॉक्टरांनी स्वतःसाठीही तसलाच संच मागवला. पार्सल आलं, त्यांनी ते दातांनी फाडलं. सिरॅमिक जागचं हललं नाही. शेजारच्या दाताचा टवका उडाला.