सडक्या चिकूंचा गॅस

सरावलीच्या काशीनाथ साव्यांच्या चिकूवाडीत त्या सकाळी एवढी गर्दी लोटली, की दोन नारळाची झाडं जागा करून द्यायला बाजूला सरकली. मधोमध झाकणाचं पिंप, त्याच्या नळीला बर्नर आणि शेजारी भगव्या कोटातले ज्वालानंद महाराज.

महाराजांनी सडक्या चिकूंवर पाणी ओतलं, धुपाचा लोट उठवला. "आ साधा पावडर नथी, भक्तांनो, आ तो उत्प्रेरक छे. कचरा आत, गॅस बाहेर." राखाडी खड्यांची पुडी आत पडली, झाकण बसलं, काडी लागली आणि बर्नर भडकला. लोकांनी हात जोडले.

"आता शेण कालवणं बंद. गोबरगॅस बुजवा, म्हैस विका."

काशीनाथने हे आधीच मनावर घेतलं होतं. फाटकात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता. चंद्री म्हैस फळीवर पाय ठेवेना आणि बायको बकुळा तिचं दावं सोडेना.

"उद्यापासून दूध कोण देणार? तुमचे महाराज?"

त्यांची मुलगी भाविका आशागडच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने पिंपाजवळ नाक नेलं. "पप्पा, हा लसणासारखा वास कसला?"

वास सगळ्यांच्याच ओळखीचा होता. पण सगळे बागायतदार एकदम आभाळ बघायला लागले. आंबे चोरून पिकवायला वापरतात त्या बंदी असलेल्या पुडीचा तो वास. ओळखला म्हणजे कबूल केलं. महाराजांचा अर्धा चमत्कार याच लाजेवर चालत होता.

"माझ्याकडे काय बघतेस?" काशीनाथ पुटपुटला.

"मग मी सांगते," बकुळा म्हणाली. "आपल्या माळ्यावरच्या डब्यातला. कार्बाइड."

"वहिनी, तुमच्याकडेपण?" शेजारच्या सदानंदच्या तोंडून निसटलं.

भाविकाने सगळ्यांना मागे सारलं, बादलीभर नुसतं पाणी घेतलं आणि महाराजांच्या पुडीतला एकच खडा त्यात टाकला. लांब काठीला बांधलेली पेटती चिंधी बुडबुड्यांवर धरली. काळा धूर सोडत पाण्यावर जाळ उठला.

"यात चिकू कुठेत, महाराज?"

महाराजांना तलासरीचे भक्त एकाएकी आठवले आणि ते निघायला लागले.

"कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू निघतो. तो पेटतो, आणि कोंडला तर पिंपही फोडतो," भाविका म्हणाली. "काडीकचऱ्यापासून गॅस करायला खरे उत्प्रेरक असतात, पण त्यांना भट्टीचा ताव लागतो, आणि काम करून ते शिल्लक राहतात. महाराजांचा खडा दर वेळी संपतो. आपल्या गोबरगॅसमधले जंतू चिकूंचाही गॅस करतील. फक्त दमाने."

तेव्हा मंडळी, पुढचा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्यातली एक वस्तू काढून बघा. आणि नाकाला कळलेलं तोंडाने बोला.

काशीनाथने टेम्पोची फळी स्वतः उचलली आणि व्यापाऱ्याला रिकामाच परत पाठवला. दावं मात्र बकुळाने त्याच्या हाती दिलं नाही.